जाणाऱ्या दुधाची परीक्षा, येणाऱ्या गोणीची का नाही?

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या पेडणे-डिचोलीच्या गावांत गोरवांचा पाडवा साजरा होतो. गुरांना न्हाऊ घालतात, गळ्यात फुलांच्या माळा पडतात, पुढ्यात गोडधोड ठेवले जाते. त्या दिवशी गुरांच्या तोंडात काय गेले हे घरातल्या आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. उरलेले ३६४ दिवस मात्र गायीच्या पुढ्यात जे पडते ते प्लास्टिकच्या गोणीतून येते. त्या गोणीत नेमके काय आहे ते आजीला ठाऊक नाही, दूध सोसायटीच्या चेअरमनला ठाऊक नाही आणि गोणी विकणाऱ्या दुकानदारालाही नाही.

आम्ही गुरांचे डॉक्टर नव्हे. शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी बँकेतल्या कारकुनाची. पण गायी घेण्यासाठी दिलेल्या कर्जाच्या फायली आमच्या टेबलावरून जातात, आणि फायली वाचता वाचता माणूस काही गोष्टी शिकतो. त्यांतली एक गोष्ट आज समाजबांधवांसमोर मांडावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या कर्जदार बाई शाखेत आल्या. त्यांच्याकडे तीन संकरित गायी होत्या, त्यांतली सर्वांत दुभती गाय गेली होती. हकीकत अशी, की नेहमीचे खाद्य मिळाले नाही म्हणून दुसऱ्या नावाच्या चार गोणी घेतल्या. तीन-चार आठवड्यांनी गाय वैरण टाकू लागली, दूध निम्म्यावर आले, लघवी कमी झाली, जबड्याखाली सूज आली. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले, तर युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही चढलेले. आठवड्याभरात गाय गेली. विम्यासाठी शवविच्छेदन झाले आणि अहवालात कारण लिहिले, मूत्रपिंड निकामी. कानातला बिल्ला जुळला, विम्याचे पैसे आले, कर्जखाते बंद झाले.

आमच्या दृष्टीने फाईल संपली. पण बाईंनी जाता जाता विचारले, "भाऊ, किडनी गेली ती कशाने गेली?" त्याचे उत्तर त्या अहवालात नव्हते. खाद्याचे बिल मागितले, तर साध्या चिठ्ठीवर 'खाद्य ४ गोणी' एवढेच. बॅच नंबर नाही, तारीख नाही. रिकाम्या गोण्या धुऊन त्यांत नारळ भरले गेले होते. तपासायला मूठभर खाद्यही शिल्लक नव्हते. दोष खाद्याचाच होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा नाही, आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे, की पुरावा उरावा अशी व्यवस्थाच कुठे नाही.

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. पोटातून जे जे नको ते रक्तात उतरते, त्यातले पुष्कळसे ही गाळणी लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून खाद्यातल्या विषाचा मारा यकृताबरोबरच मूत्रपिंडावरही होतो. आणि हा अवयव फार सोशिक आहे. त्याचे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या साध्या तपासणीत सहसा काही दिसत नाही. शंभर रुपयांच्या ठेवीतले पंचाहत्तर रुपये कुणी काढून नेले तरी पासबुकात पूर्ण शंभरच दिसत राहावेत, तसा हा प्रकार. गाय खाते, रवंथ करते, दूध देते. दिसायला लागते तेव्हा उपाय करायची वेळ निघून गेलेली असते.

खाद्यात नको ते येते कसे, हे समजून घ्यायला हवे. खाद्याचा भाव ठरतो तो मुख्यतः त्यातल्या प्रथिनांवर. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. इथेच लबाडीला वाव मिळतो. मेलामाइन नावाचे रसायन प्लास्टिकची ताटे-वाट्या आणि फर्निचरवरचे तक्ते बनवायला वापरतात. त्यात सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. गुणाकार केला तर कागदावर ते ४०० टक्क्यांहून अधिक 'प्रथिन' भरते. म्हणजे एका टनाच्या मालात अडीच किलोच्या आसपास भुकटी मिसळली, की प्रथिन एक टक्क्याने वाढलेले दिसते. प्रत्यक्षात गायीला मिळते शून्य. हिशेबाच्या वहीत खोटी जमा दाखवून ताळेबंद फुगवण्याचाच हा प्रकार, फक्त ऑडिटर इथे गायीचे मूत्रपिंड असते.

ही कल्पनेतली भीती नव्हे. २००७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे शंभराहून अधिक ब्रँडचे खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल निघाले. ही दोन्ही एकत्र आली की मूत्रपिंडात त्यांचे खडे धरतात आणि नळ्या तुंबतात. त्याआधी २००४ साली आशियातल्या काही देशांत कुत्री अशीच मूत्रपिंड निकामी होऊन मेली होती. तेव्हा दोष बुरशीच्या विषाला दिला गेला. जपून ठेवलेले नमुने २००७ नंतर पुन्हा तपासले, तेव्हा तेच खडे सापडले. नमुने जपले होते म्हणून तीन वर्षांनी का होईना, खरे कारण कळले. आमच्या पेडण्याच्या बाईंकडे काय होते? नारळ भरलेल्या गोण्या.

पुढच्याच वर्षी, २००८ साली, चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधाचे प्रथिन वाढवून दाखवण्यासाठी हीच भुकटी वापरली गेली. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सरकारी आकड्यानुसार सहा दगावली. त्या सप्टेंबरात भारताने चिनी दुधावर आयातबंदी घातली. त्याच ऑक्टोबरात हाँगकाँगमध्ये अंड्यांत मेलामाइन आढळले, ते कोंबड्यांच्या खाद्यातून आले होते. गायीच्या खाद्यातले मेलामाइन काही तासांत दुधात उतरते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. २०१० मध्ये 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्न आयोगाने खाद्यासाठी किलोला अडीच मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली.

सगळे विष परदेशातून आणि लबाडीनेच येते असेही नाही. आपल्याकडचा युरिया पाहा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू थोड्या युरियापासून प्रथिन तयार करू शकतात, म्हणून खाद्यात तो माफक चालतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २०५२ या गुरांच्या खाद्याच्या मानकात २००९ च्या आवृत्तीनुसार त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. मर्यादा ओलांडली की जनावराला अमोनियाची विषबाधा होते, आणि वासरांना तर युरिया देऊच नये. क्षार-मिश्रणात शुद्ध डायकॅल्शियम फॉस्फेटऐवजी खतासाठीचे स्वस्त फॉस्फेट घातले, तर त्याबरोबर फ्लोरिन आणि कॅडमियम येऊ शकते. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरले की वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम करते. शिसेही तसेच. फुटक्या बॅटऱ्या आणि जुना रंग पडलेल्या जागी चरणारी गुरे ते थेट चाटतात.

आणि आपल्या हवेत सर्वांत जवळचा शत्रू म्हणजे बुरशी. आपल्याकडे मिरगापासून चार महिने भिंती ओल धरतात. गोणी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली, तर आठवड्याभरात खालचा थर गाठी धरतो. पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते प्रामुख्याने यकृत खाते आणि दुधात उतरते. धान्यावरच्या दुसऱ्या काही बुरशींतून ऑक्रॅटॉक्सिन तयार होते, आणि ते थेट मूत्रपिंडावर जाते. मोठ्या गायीच्या पोटातले जंतू त्याचा बराचसा निकाल लावतात, पण वासरांना, डुकरांना आणि कोंबड्यांना ते संरक्षण नाही. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात डुकरांच्या फिक्या, सुजलेल्या मूत्रपिंडांचा माग काढत तज्ज्ञ बुरशी धरलेल्या धान्यापर्यंत पोचले. तेव्हापासून तिथल्या कत्तलखान्यांत मूत्रपिंड बघून खाद्याची पारख होऊ लागली. मेलेल्या जनावराकडून जिवंत जनावरांसाठी काही शिकता येते, हे त्यांनी ओळखले.

आता कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनी गुरे पाळली नाहीत काय? पाळली. पण ती गुरे गोणीवर जगत नव्हती. सकाळी सड्यावर जात, संध्याकाळी गोठ्यात येत. भाताचा पेंढा, घरचा कोंडा, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड आणि पेज. पेंड कुठल्या घाण्यावरची हे ठाऊक असे. आता परिस्थिती पालटली. डिचोलीचे कितीक डोंगर खाणींनी पोखरले, चराईच्या जमिनी मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेल्या. मोपाच्या सड्यावर जिथे गुरे चरत, तिथे ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. प्रगतीला आमचा विरोध नाही. पण सडा गेला की गाय दाव्याला आली आणि दाव्याची गाय गोणीवर आली, हा हिशेब कोणी मांडला नाही.

दुसरी गोष्ट खाणींचीच. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकाचे हप्ते थकलेली माणसे आम्ही काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत. त्यांतल्या काहींनी सरकारच्या कामधेनू योजनेचा आधार घेऊन गायी घेतल्या. अशा घरात गाय म्हणजे हौस नव्हे, ती महिन्याचा किराणा असते.

साधे गणित करू. अंगमेहनतीसाठी दिवसाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा खाद्याचा ढोबळ नियम आहे. दहा लिटरच्या गायीला दिवसाला साडेपाच किलो लागते. ५० किलोची गोणी नऊ दिवसांत संपते. दहा महिन्यांच्या दुभत्या काळात एक गाय दीड टनाहून अधिक खाद्य खाते. त्यात जे काही असेल, ते सगळे त्या दोन मूत्रपिंडांतून गाळले जाते. बँकेने गायीवर कर्ज दिले, विमा कंपनीने गायीवर विमा उतरवला, सरकारने गायीवर अनुदान दिले. गायीच्या पोटात जाणाऱ्या दीड टनाची चौकशी मात्र तिघांपैकी एकानेही केली नाही.

आता सोसायटीत काय चालते ते पाहू. पहाटे आपली माणसे कॅन घेऊन रांगेत उभी राहतात. प्रत्येकाच्या दुधाचा फॅट मोजला जातो, एसएनएफ मोजले जाते, पॉइंटने कमी आले तर दर कापला जातो. हे योग्यच आहे, गिऱ्हाइकाला चांगले दूध मिळायलाच हवे. पण त्याच सोसायटीच्या मागच्या खोलीत उतरणाऱ्या गोणीला कोणी एक प्रश्न विचारत नाही. गरिबाचे जाणारे दूध रोज तपासायचे आणि त्याला विकलेला माल डोळे झाकून खपवायचा, हा कुठला न्याय?

कायद्याचेही असेच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्न' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे अन्न निरीक्षक दुधाचा नमुना घेऊ शकतो, पण दूध ज्यातून तयार झाले त्या खाद्याची गोणी त्याच्या कक्षेबाहेर. याचा परिणाम खुद्द अन्न सुरक्षा प्राधिकरणालाच दिसला. २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर निघाले. भेसळीपेक्षा ही बाब गंभीर आहे आणि ती चाऱ्या-खाद्यातून येते, असे प्राधिकरणाने २०१९ मध्ये सांगितले. त्यानंतर खाद्याने मानक ब्युरोची अट पाळावी, असा निर्देश निघाला. पुढे कोरोनाचा काळ आला आणि मुदतीमागून मुदत वाढत गेली. पंजाबच्या विधानसभेने २०१८ सालीच गुरांच्या खाद्याच्या नियमनासाठी स्वतंत्र विधेयक संमत केले. पंजाब हे मोठे दुधाचे राज्य आहे म्हणून त्यांना जमले, असे कोणी सांगू नये. आपले राज्य लहान आहे, गोणी येणारे रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपल्याला तर ते अधिक सोपे आहे.

दुर्लक्षाची किंमत काय असते, हे आपल्या डोक्यावरचे आकाश सांगते. वडीलधारे सांगतात, ढोर पडले की तासाभरात गिधाडे उतरत. आज गिधाड दाखवायला पोराला चित्र काढून दाखवावे लागते. १९९२ ते २००७ या काळात देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे कीटकनाशक. २००४ साली कारण सापडले. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या गुरांच्या मांसात राही आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत. मेलेली गिधाडे उघडून पाहिली म्हणून हे कळले. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर बैल गेला आणि झोपा केला अशी गत झाली होती. माणसाच्या बाबतीत निदान विचारणा होते. काणकोणातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी तपासण्या झाल्या, चर्चा झाली. गुरांच्या बाबतीत खड्डा खणला की विषय संपला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि मोजक्या आहेत.

पहिली मागणी आपल्याच सोसायट्यांकडे. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचे नाव लिहिलेल्या पावतीशिवाय गोणी उतरवून घेऊ नये. प्रत्येक खेपेतले किलोभर खाद्य दोन सभासदांच्या सहीने सीलबंद करून कोरड्या जागी तीन महिने ठेवावे. याला पैसा लागत नाही, एक बरणी आणि एक वही लागते. गाय आजारी पडली तर दाखवायला निदान काही असेल.

दुसरी मागणी पशुसंवर्धन खात्याकडे. वर्षातून किमान दोनदा, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा भर पावसात, प्रत्येक तालुक्यातून नमुने उचलावेत. युरिया, मेलामाइन, कॅडमियम, शिसे आणि बुरशीची विषे तपासावीत आणि निकाल पंचायतीच्या फलकावर लावावा. खात्याच्या अनुदानाचा पैसा ज्या खाद्यावर जातो, त्या खाद्याला मानक ब्युरोचे चिन्ह असलेच पाहिजे.

तिसरी मागणी, विमा असो वा नसो, अचानक मेलेल्या दुभत्या गायीचे शवविच्छेदन मोफत व्हावे आणि मूत्रपिंड-यकृताचा तुकडा तपासणीला जावा. 'मूत्रपिंड निकामी' या दोन शब्दांवर फाईल मिटता कामा नये.

चौथी मागणी आपल्या आमदारांकडे. विधानसभेत पशुखाद्याचे विधेयक आणा. गायींच्या मेळाव्यात हार घालून फोटो काढण्याला आमची हरकत नाही, पण त्या गायीने सकाळी काय खाल्ले ते एकदा सभागृहात विचारा.

खर्च कोण करणार, हा प्रश्न येणारच. समजा एका तपासणीला तीन हजार रुपये पडले आणि सोसायटीत महिन्याला ३०० गोण्या खपल्या, तर दरमहा एक तपासणी केली तरी गोणीमागे दहा रुपये येतात. एका गायीचे कर्ज किती हजारांचे असते, ते आम्ही रोज पाहतो. दहा रुपये वाचवून गाय घालवण्याचा व्यवहार कुठलाही वाणी करणार नाही.

आपल्या घरची कामे आपणच करायची आहेत. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात साठा कमी करा. गाठी धरलेले, कुबट वासाचे खाद्य वाया जाऊ नये म्हणून वासराला घालू नका, ते खड्ड्यात टाका. बैलांना आणि बोकडांना नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नका, फॉस्फरस जास्त होऊन मुतखडा धरतो. पाणी भरपूर आणि स्वच्छ द्या. लाल लघवी दिसली तर तो गोचिडांचा तापही असू शकतो, तेव्हा स्वतः निदान न करता डॉक्टरांना बोलवा. आणि शेवटची गोणी संपली तरी तिच्यावरचे लेबल कापून ठेवा.

आपली घराणी या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. देवळांचे, जमिनींचे, मराठी शाळांचे प्रश्न आले तेव्हा आपण सभा घेतल्या, निवेदने दिली. गोठ्याचा प्रश्न लहान वाटतो, कारण तो बहुधा घरातल्या बायका सांभाळतात आणि त्यांना सभेत बोलायला कोणी बोलावत नाही. पुढच्या बैठकीत दूध घालणाऱ्या चार बायकांना पुढे बसवावे, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. त्या वाड्यावरच्या बाईंनी पुन्हा कर्ज काढून गाय घेतली आहे. अर्ज आमच्याच टेबलावर भरला. गायीचा रंग, वय, शिंगांची ठेवण, कानातल्या बिल्ल्याचा नंबर असे सगळे रकाने त्यात आहेत. गाय काय खाणार, त्यासाठी रकाना नाही. तो रकाना आपल्याला मागून घ्यावा लागेल.